तेवीस निघाले, अठरा पोचले

आमच्या आत्याला कार्यालयातल्या मुली मागून ‘रकानेबाई’ म्हणतात. तिला ते माहीत आहे. शाळेच्या ऑफिसात एकतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झाल्यावर तिने एका पाहणी कार्यालयात हे काम धरलं. ज्यांचं माणूस परदेशी कामाला गेलंय, त्यांच्या घरी दर तीन महिन्यांनी जायचं आणि तिकडून किती पैसे आले ते विचारून फॉर्म भरायचा. तिकडे म्हणे पाठवणाऱ्यांनाही विचारतात. मग दोन्ही देशांचे आकडे शेजारी शेजारी ठेवतात, आणि ते कधीच जुळत नाहीत.

“जुळतील कसे?” आत्या म्हणते. “खरं सांगतंय कोण?”

लोक तिला टॅक्सवाली समजतात. एका आजोबांनी दाराच्या फटीतून सांगितलं, “आमचं कोणी परदेशात नाही,” तेवढ्यात आतून नात ओरडली, “आजोबा, तिकडून बाबांचा फोन आलाय!”

आत्याही काही कमी संशयी नाही. खुर्ची दाराजवळची घेते, पाणी स्वतःच्या बाटलीतलं पिते आणि डोळे घरभर फिरवते. काही येत नाही म्हणणाऱ्याकडे नवा फ्रिज दिसला की तिचं पेन थांबतं. मात्र जिना चढताना मनात एकच मागणं असतं : देवा, खरं बोलायची बुद्धी दे, त्यांनाही आणि मलाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरी सासू-सून दोघीच. मुलगा पाच वर्षं परदेशात, वेल्डिंगच्या कामावर. पहिल्या खेपेला सुनेने “महिन्याला अठरा हजार” असं अडखळत सांगितलं. कोपऱ्यात कोरं करकरीत शिलाई मशीन. आत्याने शेऱ्यात लिहून टाकलं, ‘उत्तर भरवशाचं वाटत नाही.’ मग फोन वाजला म्हणून ती खिडकीशी गेली. फॉर्म टीपॉयवर उघडाच राहिला.

तीन महिन्यांनी ती पुन्हा गेली, तर खाली सुनेचा भाऊ टेम्पो घेऊन उभा. वर पलंगावर भरलेली बॅग. मशीनला चादर गुंडाळलेली.

“या, बरं झालं आलात,” सासू म्हणाली. “मुलगा फोनवर तेवीस हजार म्हणतो, ही अठरा दाखवते. दर महिन्याला पाच हजार गायब! आज हिला माहेरी धाडतेय.”

“आई, बँकेचा मेसेज दाखवला ना तुम्हाला,” सून म्हणाली. “आणि मशीन दादानेच दिलंय.”

“हल्ली मोबाइलवर म्हातारीची तरणीसुद्धा करता येते. मेसेजचं काय सांगतेस!”

“अहो, पण एवढ्यावरून लगेच...” आत्याने तोंड घातलं.

“तुम्हीच लिहिलंत ना? उत्तर भरवशाचं नाही. मागच्या वेळी वाचलं मी. तिऱ्हाईत बाईला कळतं, आणि घरातल्या सासूला कळू नये?”

 सुनेने आत्याकडे बघितलं.

नियम असा की पैसे घेणाऱ्याला एकटं गाठायचं, हळू आवाजात विचारायचं. पण यंदाच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढला होता : तिकडे पैसे पाठवायच्या काउंटरवर किती भरले आणि इथे हातात किती आले, हे वेगवेगळं. आत्याने पेन उघडलं आणि नियम बाजूला ठेवला. “लावा त्यांना फोन. स्पीकरवर.”

मुलगा कामावर होता. मागे मशिनांची घरघर.

“काउंटरवर तुम्ही स्वतः किती भरता?” आत्याने विचारलं.

“तेवीस. म्हणजे... घरच्या नावाने तेवीस निघतात.”

“निघतात किती ते नको. भरतं कोण, किती? मला गोल उत्तर चालत नाही.”

मागची घरघर दूर गेली. मग आवाज आला, “मामा भरतो.”

मामा म्हणजे सासूचा सख्खा भाऊ. भाच्याला तिकडे त्यानेच नेलं, तो तिथला मुकादम.

“पगार त्याच्याच हातात येतो. एक हजार पाठवायचा खर्च. चार तो ठेवतो, कामाला लावल्याचे.”

“आणि मला तेवीस सांगत होतास?” सासू ओरडली.

“आई, मामा देवमाणूस आहे असं तूच म्हणतेस. त्याच्याविरुद्ध बोललो असतो तर खरं मानलं असतंस?”

सासू पलंगावर बसली, बॅगेशेजारी. आत्याच्या पेनाकडे बघून म्हणाली, “बाई, हे लिहू नका.”

“अठरा लिहिते, एक खर्चाचा लिहिते. चार हजारांना रकानाच नाही,” आत्या म्हणाली. मग तिने पिशवीतून मागच्या फॉर्मची प्रत काढली, तो शेरा खोडला, बाजूला सही केली आणि कागद सासूच्या हातात दिला. “हे मात्र नीट वाचा. चूक माझी होती.” सुनेकडे वळून तिने हात जोडले.  सुनेने गॅलरीत जाऊन खाली हाक मारली, “दादा, तू जा घरी.”

सासूने बॅगेच्या चेनला हात घातला.

“राहू द्या, आई. ती मी उघडेन. मला वाटेल तेव्हा.”

पुढच्या खेपेला आत्या गेली तेव्हा मशीन खिडकीशी चालू होतं. आकडा बावीस झाला होता.

“हिला एकटीला विचारायचं असेल तर मी स्वयंपाकघरात जाते,” सासू म्हणाली.

“कशाला? बसा इथेच,” सून मशीनवरून मान वर न करता म्हणाली. “यापुढे सगळं तुमच्यासमोरच विचारतील.”

बॅग पलंगाखाली होती. चेन लावलेलीच.