आठव्या महिन्यात हिरवी होणारी गावं

तलासरीत एका लहान संस्थेसाठी मी पाच महिने एक नकाशा तयार करत होतो. कामाचं नाव डॅशबोर्ड. गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांनी, म्हणजे आशाताईंनी, तिथल्या गरोदर बायकांच्या तपासण्या मोबाइलमध्ये भरायच्या आणि त्या सगळ्या एका पडद्यावर दिसायच्या, म्हणजे नर्स कुठं पाठवायची, गाडी कुठं उभी ठेवायची ते ठरवता येईल. गाव हिरवं असेल तर सगळ्यांची तपासणी वेळेवर झालेली. पिवळं म्हणजे थोडं मागे. लाल म्हणजे लगेच लक्ष द्या. आशाताईंना लिहायचा त्रास नको म्हणून मी मोठी मोठी बटनं ठेवली होती. एका बोटात काम होईल, याचा मला अभिमान होता.

हे काम मी का घेतलं ते तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला आमच्या बोर्डीच्या घरी आली आणि गेली. मूलही गेलं. त्यानंतर मी फारसं बोलत नसे. नकाशा बोलायला लावत नाही, हे मला बरं वाटत होतं.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी दुपारी खोलीत आम्ही तिघं होतो. संस्थेच्या प्रमुख डॉक्टरबाई, मी, आणि निवृत्तीनंतर संस्थेत आलेली एक नर्स. तिला सगळे सिस्टर म्हणत. तिनं सगळी नोकरी पाड्यांवर पायी हिंडून केली होती. दुसऱ्या दिवशी पालघरला अधिकाऱ्यांसमोर नकाशा दाखवायचा होता. सिस्टर चहाचा कप घेऊन पडद्यासमोर उभी राहिली.

"वा सर. काय हिरवंगार केलंय! गुरं सोडावीत चरायला."

डॉक्टरबाई हसल्या. सिस्टर मात्र पडद्याच्या आणखी जवळ गेली. तिनं वेवजीच्या पुढच्या एका पाड्यावर बोट ठेवलं.

"हा कसा हिरवा?"

"सगळ्या बायकांच्या तपासण्या पूर्ण आहेत," मी म्हणालो.

"किती बायका?"

मी यादी उघडली. "तीन."

"चार आहेत. चौथी पहिलटकरीण. पाय सुजलेले होते पोरीचे. बीपी मी स्वतः घेतलंय."

तीन नावांच्या खाली काही नव्हतं. मी मागची, पडद्यावर न दिसणारी यादी काढली. चौथी पोरगी तिथं होती. सहा आठवड्यांपूर्वीचं बीपी दीडशेवर शंभर. बाळंतपणाची तारीख येत्या बुधवारची. आणि शेवटच्या रकान्यात, माझ्याच एका बटनाचं नाव: गावात नाही.

सिस्टरनं त्या पाड्याच्या आशाताईला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"ती गेली ना माहेरी," आशाताई म्हणाली. "आठवा लागला की जातातच. पहिलं बाळ आयशीकडं."

"मग तिला यादीतून काढलीस का?"

"नाही काढली तर तपासणी राहिली म्हणून गाव लाल होतं. लाल झालं की तुमचेच फोन येतात. सरांनी बटन दिलंय, दाबलं." मग, "चुकलं का ओ काही?"

तिचं काही चुकलं नव्हतं. ‘गावात नाही’ हे बटन दाबलं की ते नाव मोजणीतूनच जावं, असं मी लिहिलं होतं. कामावर गुजरातेत गेलेल्या कुटुंबांमुळे गावं उगाच लाल दिसू नयेत, एवढाच माझा विचार होता. माहेराचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. माझ्या डोक्यात आला नव्हता, हे मी आजही हळू लिहितो.

मी त्या बटनाखालची सगळी नावं काढली. यादी लांब होती. कामाला गेलेल्या बायका त्यात थोड्याच होत्या. बाकी एकजात आठव्या-नवव्या महिन्यातल्या, पहिलटकरणी. पोरगी आठव्यात माहेरी निघाली की सासरचं गाव हिरवं व्हायचं, आणि माहेरच्या यादीत ती नसायचीच. ज्या महिन्यात तिच्यावर डोळा ठेवायचा, नेमक्या त्याच महिन्यात ती माझ्या नकाशावर कुठंच नव्हती.

"उद्याचं काय करायचं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"हे दाखवता येणार नाही. खोटं आहे."

पाच महिने डॉक्टरबाईंनी या एका दिवसासाठी लोकांची मनं वळवली होती. तरी त्यांनी गाडीची किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. "आधी ती पोरगी शोधा."

आशाताईनं फोन सासूकडे नेऊन दिला. सासूला एवढंच सांगता आलं, चारोटीच्या आत, डोंगराच्या अंगाला. पाड्याचं नाव तिनं सांगितलं, पण कागदावर त्याला दुसरंच काहीतरी म्हणतात, असंही म्हणाली. ते दुसरं तिला ठाऊक नव्हतं. माझ्या नकाशात तिनं सांगितलेल्या नावाचा पाडा नव्हता. पोरीकडे मोबाइल नव्हता. तालुकाही बदलला होता, तलासरीतून ती डहाणूत गेली होती.

हायवेवर ट्रकांच्या मागे आम्ही रखडत होतो. सिस्टर मांडीवर बीपीचं यंत्र धरून बसली होती.

"सर, तुमच्या मोबाइलला विचारा की पाडा कुठाय ते."

मी पुढच्या ट्रकला हॉर्न दिला.

बहिणीचे पायही सुजले होते. आई म्हणाली, उन्हाळा आहे, चालणं जास्त झालं. वडील शिक्षक, घर पुस्तकांनी भरलेलं. तिच्या सासरच्या नर्सनं तिच्या कार्डावर बीपी लिहून त्याला लाल गोल केला होता. ते कार्ड तिच्या बॅगेत, बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांमध्ये ठेवलेलं होतं. झटके आले त्या दिवसापर्यंत ते कुणी बाहेर काढलं नाही. त्या घरात सगळ्यात जास्त वाचणारा मी. ते कार्ड मी वाचलं नाही.

चारोटीच्या नाक्यावर सिस्टर उतरली आणि दुकानं सोडून थेट ताडगोळे विकणाऱ्या एका बाईकडे गेली. पाड्याचं नाव ऐकून बाई म्हणाली, "आधी डझनभर घ्या, मग सांगते."

"अगं, पोटुशी पोर आहे, घाईचं आहे."

"कुणाची?"

सिस्टरनं नाव सांगितलं. बाईनं टोपली उचलली आणि सरळ आमच्या गाडीत येऊन बसली. "चला. आमच्या शेजारच्या पाड्यातली आहे. मला येताना सोडा परत, नाहीतर माझा धंदा बुडवलात."

डांबरी रस्ता संपला, मग खडीचा. शेवटचं अंतर चालत. घराच्या पडवीत पोरगी कुडाच्या भिंतीला पाठ टेकून बसली होती. ओला फडका कपाळावर. आम्ही आलो तरी तिनं डोळे नीट उघडले नाहीत.

"सकाळपासून डोकं धरलंय तिचं," तिची आई म्हणाली. "ऊन लागलंय."

सिस्टर खाली बसून तिच्या दंडाला पट्टा बांधू लागली. मी आईला विचारलं, "कार्ड कुठंय तिचं?"

"कसलं? रेशनचं तिच्या सासरी आहे."

"दवाखान्याचं."

आईला ठाऊक नव्हतं. पोरीनं हात उचलून खुंटीकडे दाखवलं. तिथं एक प्लास्टिकची पिशवी होती. तीत दोन साड्या, फणी, आणि साड्यांच्या घडीत कार्ड. मी ते तिथंच उभं राहून पहिल्या ओळीपासून वाचलं, मोठ्यानं, आईला समजेल असं. सिस्टरनं दोनदा पंप मारला. मग काट्याची तबकडी माझ्याकडे वळवली.

"गाडीपर्यंत उचलून न्यायला पाहिजे," ती म्हणाली.

पोरगी नको म्हणत होती. बाळ आईच्या घरी व्हायचं होतं तिला.

"आई येतेय ना तुझ्याबरोबर," सिस्टर म्हणाली. "आई असेल तिथंच माहेर. चल, ऊठ." ताडगोळेवाल्या बाईनं पोरीला एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या. वाटेत ती दोनदा थांबली आणि डोळ्यांपुढे चमकतंय म्हणाली. सिस्टर तिच्याशी सतत बोलत राहिली, सासरच्या कोंबड्यांबद्दल, कशाहीबद्दल. जवळच्या सरकारी रुग्णालयात तिला लगेच आत घेतलं, सुई दिली. सिस्टर तिथंच थांबली. मला तिनं परत पाठवलं. "तुमचं काम पडद्यावर आहे, जा."

शुक्रवारी सकाळी मी ते बटन बदललं. आता त्याच्यापुढे एक प्रश्न येतो, कुठं गेली, आणि उत्तर मिळेपर्यंत ते नाव जात नाही. जिथं उत्तर नाही त्या गावाला राखाडी रंग दिला. पालघरला नकाशा उघडला तेव्हा अर्ध्याहून जास्त राखाडी होता.

"हे बिघडलंय का?" एका अधिकाऱ्यानं विचारलं.

"नाही," डॉक्टरबाईंनी उत्तर दिलं. "या बायका आज कुठं आहेत ते आपल्याला माहीत नाही. कालपर्यंत आपल्याला हेही माहीत नव्हतं."

कुणी हसलं नाही, कुणी वा म्हटलं नाही. प्रश्न बरेच आले, काही रागाचे. बैठक संपल्यावर व्हरांड्यात मला सिस्टरचा फोन आला. आवाज बसला होता तिचा.

"मुलगी झाली. लहान आहे, पण रडतेय चांगली. आईचं बीपी उतरतंय. डोळे उघडून बघतेय." मग म्हणाली, "सर, या आईचं नाव घाला आता नकाशात."

"कुठल्या गावात घालू?"

"जिथं आहे तिथं."

मी व्हरांड्यातल्या बाकावर लॅपटॉप उघडला. तिच्या माहेरचा पाडा यादीत अजून नव्हताच. सासूनं उच्चारलं होतं तसं मी ते नाव लिहिलं, आणि त्याखाली तिचं.