ऊस मोडून दाखवणारी बाई

मी एका ऊसतोड बाईला फसवलं. तिच्या बैलाच्या सौद्यात नव्हे, तो सौदा चोख झाला. फसवलं ते नगरच्या दवाखान्यात, डॉक्टरसमोर आणि तिच्या भल्यासाठी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला भला माणूस समजायला नको.

तिची एक सवय होती. तिच्या पोरीला कुणी बहिरी म्हटलं की ती वाद घालायची नाही. पदराच्या गाठीतून उसाचं कोवळं कांडं काढायची, पोरीच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची आणि ते कटकन मोडायची. पोरगी गर्रकन वळायची. मग बाई समोरच्याच्या डोळ्यांत बघून एवढंच म्हणायची, "पोर ऐकती."

मी तेव्हा घोडेगावच्या बैलबाजारात दलाल होतो. दुसऱ्याची जनावरं पाण्यावर नेता नेता त्यांचे दात बघायला शिकलो आणि कुणाच्या ओळखीशिवाय, कुणाच्या उपकाराशिवाय दलाल झालो. आवाज मोठा आणि राग नाकावर. बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. देवळाली प्रवऱ्याकडे ऊस तोडायला आलेलं बीडकडचं एक जोडपं लंगडा बैल बदलायला बाजारात आलं. नवरा मुखदुर्बळ. बाई त्याच्या मागे, आणि तिच्या मागे चार-साडेचार वर्षांची पोरगी.

आमच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दलाल आणि गिऱ्हाईक रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. चारचौघं बघत असतात, कळत कुणालाच काही नाही. सौदा रंगात आलेला असताना रुमालाखाली तिसरा हात शिरला. बारका, गार हात. पोरीने माझा अंगठा धरला आणि मला ओढत बैलापाशी नेलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. माझा हात उचलून बैलाच्या गळ्यातल्या घंटेवर ठेवला. वाजव, एवढाच अर्थ.

"दलाल, गिऱ्हाईक लई तयारीचं हाय," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

मी चिडलो. "बाई, पोरगी आवरा. मुकी आहे का बहिरी?"

तेव्हा तिने पहिल्यांदा माझ्यासमोर ऊस मोडला. पोरगी वळली. मग बाईने तिला नावाने हाक मारली, एकदा, दोनदा, मोठ्याने. पोरगी घंटेकडेच बघत राहिली.

"नावाला वळत न्हाई. ऊस मोडला की वळती. बोलत न्हाई, पर पाचटाच्या कोपीतली सगळी भांडी वळीनं मांडती. एक हाललं की दिसभर रडती. शेट, हिला काय झालंय?"

"मला काय विचारता? मी बैलांचा दलाल."

"म्हून तर इचारते. तुमी बी न बोलता समदं सांगता. तुमाला कळंल."

हे ऐकून माझ्यासारखा माणूस फुगणार नाही तर काय होईल? सगळ्यांसमोर मी शब्द दिला, की नगरला मी घेऊन जातो, मोठ्या दवाखान्यात दाखवतो.

नवरा तोडीवर थांबला, आम्ही तिघं निघालो. तिने तोवर काय काय केलं होतं ते नगरच्या एस.टी.त कळलं. अंगारे झाले होते, वेखंड उगाळून जिभेखाली लावून झालं होतं. त्यांच्या तालुक्याच्या दवाखान्यात म्हणाले, तुम्ही सहा महिने बाहेर असता, उपचार अर्ध्यावर सोडाल, आधी एका जागी राहा. कारखान्याकडच्या दवाखान्यात म्हणाले, तुम्ही बीडचे, तिकडे दाखवा. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. पोर त्यात कुठेच धरलेलं नसतं. ते उसाच्या पाचटात बसतं, बैलांच्या पायाशी खेळतं आणि गाडी हलली की गाडीवर चढतं.

"बरी व्हईल का न्हाई, मी इचारत न्हाई," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. "ह्ये काय हाय, त्येचं नाव कुणीतरी सांगा. नाव कळलं तर कुठं जायाचं ते तरी इचारता यील."

तिला एवढंच हवं होतं.

दवाखान्यातल्या कारकुनाने आम्हाला बसायलाही सांगितलं नाही. इथला रहिवासी दाखला नाही, तर नाव लिहिता येत नाही, असं म्हणाला. मी आवाज चढवला. मग खाली आणला. मग त्याच्या गावाची चौकशी केली आणि त्याच्या चुलत्याने माझ्याकडून नेलेल्या गाईची आठवण काढली. तासाभराने तो नरमला. इथला एखादा नातेवाईक पालक म्हणून सही करत असेल तर चालेल, म्हणाला. मी बाईचा भाऊ म्हणून सही केली. तेव्हापासून ती मला शेट म्हणायची थांबली आणि भाऊ म्हणायला लागली.

"पण एक अडचण आहे," कारकून म्हणाला. "ऐकू येतं पण बोलत नाही, अशा पोरांना बघायला पुण्याचे डॉक्टर येतात. कधी येतील ते सांगता येत नाही. बहिऱ्या पोरांचं मात्र लगेच होतं. त्यांच्या शाळेची यादी करायची आहे, आमचे डॉक्टर आजच तपासतात."

एक रांग थांबलेली, एक चालू. बाजारात मी काय केलं असतं? जनावर चालत्या रांगेत घातलं असतं. मी म्हणालो, "लिहा बहिरी."

बाईला बाहेर नेऊन बजावलं, "आत तुम्ही बोलायचं नाही. जे बोलायचं ते मी बोलेन." बाजारात हा माझा नियमच होता. मालक तोंड उघडतो आणि सौदा घालवतो.

"भाऊ, पर पोर ऐकती."

"माहीत आहे. आधी आत तर शिरू. पुढचं पुढे बघू."

डॉक्टर तरुण होता आणि घाईत होता. त्याने पोरीच्या मागे दोन टाळ्या वाजवल्या. पोरगी त्याच्या टेबलावरच्या बाटल्या एका ओळीत लावत होती, वळली नाही. त्याने नाव घेऊन हाक मारली, तरी वळली नाही.

"जन्मापासून असंच?"

"जन्मापासून, साहेब," मी म्हणालो. "तोफ डागली तरी कळायचं नाही."

तेवढ्यात मला बाईचा हात पदराकडे जाताना दिसला. तिने गाठ सोडली होती, कांडं हातात आलं होतं, दोन्ही अंगठे मध्यावर टेकले होते. मी तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि खिशात घातलं. डॉक्टर लिहीत होता, त्याला दिसलं नाही. तिने ओढाओढ केली नाही. माझ्या हाताच्या दुप्पट ताकद होती तिच्या हातात, दिवसभर ऊस तोडणारा हात तो. पण मी भाऊ होतो, आणि तिने सोडून दिलं.

बाहेर आल्यावर मी खुशीत होतो. चहा सांगितला. ती बशीत चहा ओतत म्हणाली, "भाऊ, ऊस का घेतला?"

"काम झालं ना?"

ती पोरीला बशीतला चहा पाजत राहिली.

डॉक्टरच्या कागदावर बहिऱ्यांच्या शाळेने पोरगी आठवडाभर ठेवून घेतली. तिथल्या मास्तरीणबाई जाणत्या होत्या. जेवणाची थाळी वाजली की ही पोरगी कानांवर हात दाबून कोपऱ्यात जाते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं. मला बोलावून म्हणाल्या, "हिला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं. ही आमच्याकडची नाही. पुण्याचे डॉक्टर सोमवारी येताहेत, त्यांना दाखवा. अशी मुलं त्यांनी बघितली आहेत, ते सांगतील."

सोमवारी आम्ही उजाडताच दवाखान्यात होतो. पुण्याचे डॉक्टर आतल्या खोलीत होते, पिकल्या केसांचे. दार उघडलं की दिसायचे. ते जमिनीवर बसून एका पोराबरोबर ठोकळे मांडत होते. बाईने ते बघितलं आणि माझा सदरा ओढला. "भाऊ, त्ये खाली बसल्यात." डॉक्टर खाली बसतो हे तिने कधी बघितलं नव्हतं. मीही नव्हतं.

कारकुनाने वही उघडली. "हिचं झालंय. बहिरी म्हणून नोंद आहे. बहिऱ्यांना हे डॉक्टर बघत नाहीत."

बाईने तिथेच ऊस मोडला. पोरगी वळली. कारकुनाने बघितलं आणि म्हणाला, "मी काय करू? डॉक्टरांचा कागद आहे. तो चुकला असं कुणीतरी सांगायला पाहिजे."

आता नीट ऐका. मी एकच वाक्य बोलायचं होतं. "मी खोटं बोललो होतो, ती ऐकते." एवढं मी त्या दारात म्हणालो असतो तर कारकून आत गेला असता. पण ओसरीवर माझ्या ओळखीची चार माणसं होती. मी म्हणालो, "तुम्ही लिहिताना चूक केली." तो म्हणाला, "मी चूक केली? लिहा बहिरी, हे कोण म्हणालं? सही कुणाची आहे?" झालं. मी त्याची जात काढली नाही, एवढंच. बाकी सगळं काढलं. तोही मागे हटला नाही. माणसं जमली. भांडण इतकं चांगलं चाललं होतं, की आतलं दार कधी उघडलं आणि पिकल्या केसांचा माणूस हातात बॅग घेऊन मागच्या बाजूने जीपमध्ये कधी बसला, मला कळलं नाही. बाईला कळलं. ती पोरीला काखेत घेऊन जीपमागे फाटकापर्यंत पळाली होती.

परत आली तेव्हा धुळीने माखलेली होती. मी कारकुनाला शिव्या देतच होतो.

"ऱ्हाऊ द्या, शेट," ती म्हणाली. "गाडी गाठायचीय."

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि त्यांची टोळी गावाकडे गेली. पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. उसाचं सरपण झालं. मी देवळालीच्या माळावर जाऊन आलो, त्यांच्या कोप्यांच्या जागी नुसत्या चुलींचे दगड होते. टोळीचा मुकादम म्हणाला, ती दोघं दुष्काळी कामावर खडी फोडताहेत, कुठल्या ते माहीत नाही. त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाला, ती दुसऱ्या कारखान्याला गेली. पोरीचं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पोर कोयत्यात धरलेलं नसतं.

तिला हवं होतं ते नाव मला पुष्कळ वर्षांनी कळलं. नातवाच्या शाळेत एका बाईंनी व्याख्यान दिलं आणि अशी मुलं कशी असतात ते सांगितलं. नावाला वळत नाहीत, वस्तू ओळीने लावतात, हवं ते दाखवायला दुसऱ्याचा हात धरून नेतात. स्वमग्न म्हणतात त्यांना. व्याख्यान संपायच्या आधीच मी उठून बाहेर गेलो.

माझा गुन्हा मी लिहून दिला आहे. शब्द माझा होता, सही माझी होती, भांडणही माझंच. पण मी बैलांचा दलाल होतो आणि टाळ्या वाजवणारा तो तरुण, तो डॉक्टर होता. पोरीची आई त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती. त्याने जे विचारलं ते मला विचारलं आणि जे लिहिलं ते माझ्या शब्दावर लिहिलं. तो आज असेल तर चांगला म्हातारा असेल. त्याने पुढे यावं आणि सांगावं, की तिला एक प्रश्न का विचारला नाही.