दोन्ही संघांचा मामा

दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभी राहिलेली माणसं मी बरीच पाहिली आहेत. पण दोन्ही डगरींवर खुर्ची टाकून निवांत बसलेला माणूस सबंध मावळात एकच, तो म्हणजे आमचा मामा. भाजे आणि कामशेत या दोन गावांचे कबड्डीचे संघ म्हणजे एकमेकांचे हाडवैरी. आपला संघ कोणता हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असे. मामाचे मात्र दोन्ही संघ आपले होते, कारण घर भाज्याला आणि नोकरी कामशेतच्या भातगिरणीत. कोणी टोकलं की तो म्हणायचा, “हितं निजतो आन् तितं खातो. बेइमानी कुनाशी करू?” यावर मामीचं एकच म्हणणं असे, “लग्नाच्या टायमाला एकीवर भागलं, ह्येच नशीब माजं.” मी आजोळीच वाढले, त्यामुळे हा आजार मलाही लहानपणीच जडला. शाळेतल्या मुली विचारायच्या, तू कोणाच्या बाजूची? मी ‘दोघांच्या’ म्हणाले की त्या मला लंगडीत कुठल्याच बाजूला घेत नसत.

या निष्ठेची व्यवस्था मामाने अगदी शास्त्रशुद्ध लावली होती. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांचा सामना व्हायचा. मामा मैदानाच्या देवळाकडच्या अर्ध्या भागाला लागून गिरणीतली पत्र्याची खुर्ची टाकायचा आणि समोर जो संघ असेल त्याच्या नावाने घसा फोडायचा. कबड्डीत मध्यांतरानंतर संघ बाजू बदलतात. भाज्याची पोरं पलीकडे गेली आणि कामशेतची समोर आली, की मामा पाण्याचा एक घोट घेऊन तितक्याच पोटतिडकीने कामशेतसाठी ओरडू लागे. मघाशी ज्या पंचाला देवमाणूस म्हटलं, त्याचेच डोळे आता त्याला फुटलेले वाटत. एकदा भाज्याचा कप्तान खवळून अंगावर आला, “भाऊ, लाज वाटती का? आत्ता तर आमचं होता!” मामा शांतपणे म्हणाला, “मी हाय तितंच हाय. तुमीच उटून गेला.” कप्तान पाय आपटत मैदानात परतला.

परिणाम असा झाला, की दोन्ही गावांनी त्याला फितूर ठरवलं. तो येताना दिसला की डावपेच बंद आणि विषय भातावर. मामाला वाटे, लोक आपल्याला शेतीतला जाणकार समजतात. सामना संपला की तो जिंकलेल्यांना पेढे भरवायचा, स्वतःही दोन खायचा, मग हरलेल्यांच्या घोळक्यात जाऊन त्यांच्याहून जास्त रडायचा आणि त्यांच्या दुःखात रात्री जेवायचा नाही. दरवर्षी कोणीतरी हरणारच, त्यामुळे सामन्याच्या रात्री मामी त्याची भाकरी थापतच नसे. पेढे खाऊन केलेला उपास कितपत कडक, हा प्रश्न मात्र तिने कधी काढला नाही.

आता सुट्टीच्या दिवशी भाज्याची पोरं लेणी आणि धबधबा बघायला आलेल्यांच्या गाड्या लावून देण्यात गुंतलेली असतात, आणि कामशेतची कारखान्यांच्या पाळ्यांत. गेल्या जत्रेला कुठल्याच गावात सात गडी भरेनात. मग दोन्हीकडच्या शहाण्यांनी बसून एकच संघ करायचं ठरवलं. जे काम मामा जन्मभर एकट्याने करत होता, ते त्यांनी एका बैठकीत उरकलं आणि एकमेकांना हारही घातले. “भाऊ, झालं ना तुमच्या मनासारखं?” जो तो मामाला विचारत होता. “व्हय, लय चांगलं झालं,” तो म्हणाला. घरी येताना मात्र मला म्हणाला, “पोरी, आता जिकल्यावर वाईट कुनासाठी वाटून घ्यायचं गं?” त्याला खरोखरच उत्तर हवं होतं.

सामना तिकोणा पेठेच्या संघाशी ठरला. मामाने खुर्ची नेहमीच्या जागी टाकली. पूर्वार्धात आपली पोरं समोर होती आणि मामाचा आवाज सगळ्यांच्या वर. मग मध्यांतर झालं, बाजू बदलल्या आणि तिकोणा पेठेची पोरं त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. दोन्ही गावं श्वास रोखून मामाकडे पाहू लागली. हा माणूस आता तिसरा संघ धरतो की काय, अशी भीती मलाही वाटली. मामाने सवयीने पाण्याचा घोट घेतला. तोंड उघडलं आणि मिटलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तो अर्ध्या सामन्यातून उठला, खुर्ची उचलली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी दोरीच्या कडेकडेने पलीकडे निघाला. कोणी हसलं नाही. भाज्याचा तो जुना कप्तान सरकून म्हणाला, “या भाऊ, हितं बसा.”

आम्ही जिंकलो. मामाने पेढे वाटले. सवयीने तो हरलेल्यांच्या घोळक्यापर्यंतही गेला, पण ती पोरं त्याला ओळखत नव्हती. ती टेम्पोत बसली आणि निघून गेली. रात्री मामा ताटावर येऊन बसला. मामीने त्याची भाकरी केलीच नव्हती. ती पुन्हा परात ओढून बसली. “कशाला? ऱ्हाऊ दे,” मामा म्हणाला.

“आज कुनाचा उपास? दोनी गावं जिकली की.”

“व्हय,” मामा म्हणाला, “दोनी जिकली.” आणि भाकरी संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. त्याच्या उपासाची आम्ही इतकी वर्षं टिंगल केली. त्या रात्री त्याला जेवताना बघून मला पहिल्यांदा वाईट वाटलं.