दोन रकान्यांची यादी

मुलांनो, गेल्या रविवारी फोनवर तुम्ही माझी इंग्रजीची जुनी यादी मागितलीत. कोणत्या क्रियापदापुढे 'टू' लावायचा आणि कोणत्यापुढे 'आयएनजी', ती. तुमच्या आईने कौतुकाने सांगितले असणार. मी ती पाठवणार नाही. का नाही, ते आत्ताच लिहिते, नाहीतर तुम्ही ती दुसरीकडून मिळवाल.

कॅम्पातल्या शाळेत शिकवत असताना मी ती केली. डावीकडे निळ्या शाईत 'वॉन्ट', 'होप', 'डिसाइड'. उजवीकडे तांबड्या शाईत 'एन्जॉय', 'फिनिश', 'अव्हॉइड'. 'लाइक'सारखे दोन्हीकडे चालणारे शब्द गाळले. रकाने बिघडत होते म्हणून, दुसरे कारण नाही. मुलांकडून मी ती पाढ्यासारखी म्हणून घेत असे.

यंदा शहापुरात आमच्या समोर राहणाऱ्या विणकराच्या मुलीला उद्यमबागेतल्या एका कारखान्याच्या ऑफिसातून मुलाखतीचे बोलावणे आले. घरातली पहिली ऑफिसची नोकरी झाली असती. तयारीसाठी ती गल्लीच्या टोकाच्या क्लासला जात होती. मुलाखतीहून ती थेट माझ्याकडे आली. कॉलेजात काय करायला आवडायचे, एवढेच साहेबांनी इंग्रजीत विचारले होते. ती 'आय लाइक' म्हणाली आणि अडकली. साहेबांनी पुन्हा विचारले, मग पाणी दिले, मग पुढच्या मुलीला आत बोलावले.

"अगं, काहीही म्हणाली असतीस तरी चाललं असतं," मी म्हणाले.

"दोन्ही रकाने मनात म्हणून बघितले, आजी. त्यो शब्द पाढ्यात न्हाय."

पाढा म्हटल्याबरोबर मला माझी यादी आठवली. दुसऱ्या दिवशी त्या क्लासला गेले. कोंदट खोलीत वीसेक मुले डोलत 'वॉन्ट टू, होप टू' ओरडत होती. अर्थाशी कुणाचा संबंध नव्हता. भिंतीवर निळा-तांबडा फ्लेक्स, आणि त्याच्या कोपऱ्यात क्लासवाल्याचा हसरा फोटो. तो माझाच जुना विद्यार्थी निघाला. वाकून नमस्कार करत म्हणाला, "बाई, तुमचा एक शब्द बदलला न्हाय."

तो फ्लेक्स उतरव म्हटले तर हसला. पोरे पाठ करतात, पास होतात, आई-बाप खूश आहेत, मग चुकले कुठे, असे त्याचे म्हणणे. त्याची किळस आली. पण घरी येताना त्याहून जास्त माझीच आली. काय तर म्हणे, रकाने बिघडतात.

माझा कागद मी फाडून टाकला. कारखान्यातली ती जागा भरली. मुलगी आता चुलत्याच्या साडीच्या दुकानात बसते. संध्याकाळी माझ्याकडे येते, दुकानात दिवसभर काय झाले ते आम्ही इंग्रजीत बोलतो, आणि ती अजूनही प्रत्येक क्रियापदापाशी थांबते. क्लासमधला फ्लेक्स तसाच आहे.