बॅटरीला पाजलेलं पाणी

ऐंशीच्या दशकात मी कोळसा खाणीच्या बत्तीघरात कामाला होतो. खाणीत उतरणाऱ्याच्या टोपीला दिवा आणि कमरेला त्याची बॅटरी असायची. पाळी सुटली की बॅटऱ्या आमच्याकडे यायच्या. आम्ही त्या चार्जिंगला लावायच्या, आतलं पाणी उतरलं असेल तर डिस्टिल वॉटर घालायचं. याला आम्ही 'पाणी पाजणं' म्हणायचो. "अबे, तहानली न ते, पाज तिले!" असा आरडाओरडा दिवसभर चालायचा. तेजाबानं माझ्या एकूणएक पँटींना भोकं पडलेली.

बाप त्याच खाणीत जन्मभर राबला आणि छातीत कोळसा भरून पोंभुर्ण्याकडच्या आमच्या गावी परत गेला. दोन पावलं चालला की धाप लागायची. डॉक्टर म्हणाला, आता औषध नाही. तोंडावर वारा लागला तर जीव कमी घाबरेल, एवढंच. माय हातपंखा हलवायची, पण तिलाही मजुरीला जावं लागायचंच. गावात विजेचे खांब आले होते, तारांचा पत्ता नव्हता. लोक खांबाला बैल बांधायचे.

मग म्हटलं, आपणच डोकं चालवू. पूर्ण पाळी न टिकणाऱ्या बॅटऱ्या भंगारात जायच्या. साहेबाला विचारून त्यातल्या सहा उचलल्या. बिघडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर काढली, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पाती केली. आणि काय सांगू, पंखा फिरला! बाप त्याच्यासमोर डोळे मिटून बसला. "आता कसं बरं वाटून राह्यलं," म्हणाला. त्या माणसाला जन्मात मी दुसरं काही दिल्याचं मला आठवत नाही.

तीन बॅटऱ्या घरी, तीन माझ्याकडे चार्जिंगला. दर रविवारी एसटीनं जायचं आणि भरलेल्या देऊन रिकाम्या आणायच्या. मायला मी पाणी पाजायला शिकवलं, डिस्टिल वॉटरची एक बाटली ठेवली.

"हे सरलं त?" तिनं विचारलं.

"शुद्ध पाणीच लागते माय. असंतसं चालत नाई." एवढं बोलून मी एसटी पकडली. चार्ज करणं म्हणजे काय, हे तिला कधी सांगितलंच नाही. अडाणी बाईला काय कळतं, असंच माझ्या मनात असणार. आज लाज वाटते.

तेवढ्यात खाणीत एक सूचनापेटी लागली. नव्या कल्पनांना उत्तेजन देणार म्हणे. मी कागद टाकला: भंगारातल्या बॅटऱ्यांवर दम्याच्या माणसांसाठी पंखे चालतात, खाणीतून निवृत्त झालेल्यांना द्यावेत. साहेबानं बोलावून पाठ थोपटली. "रविवारी बडे साहब येऊन राह्यले. तेरा पंखा दाखव त्याहिले."

मी हुरळलो. त्या रविवारी गावी गेलो नाही. तसाच दुसरा पंखा जोडला, भरलेल्या बॅटऱ्या टेबलावर मांडून, धुतलेला शर्ट घालून दिवसभर बसलो. मोठे साहेब आलेच नाहीत. पुढच्या रविवारी आले. पंख्यापुढे तोंड धरून हसले, 'शाबास' म्हणाले, फोटो काढला. कागद वर पाठवतो म्हणाले. तो कागद अजून वरच जातो आहे!

तिसऱ्या रविवारी मी गावी पोचलो. अंगणात माणसं खाली मान घालून बसली होती. बाप सकाळीच गेला होता. पंखा आठ दिवसांपासून बंद होता, आणि ते आठही दिवस तो बसूनच होता, कारण आडवं झालं की श्वास अडकायचा. माय रडत नव्हती. तिनं माझा हात धरून मला बॅटऱ्यांपाशी नेलं.

"पंखा थांबला तं मले वाटलं, तहानल्या असतीन. बाटली सरली होती. मंग म्या त्या विहिरीचं शुद्ध पाणी आणलं बाबू, वस्त्रगाळ करून पाजलं. तरी नाई फिरला. पाणी चुकलं काय रे?"

ती विहीर गावातल्या वरच्या आळीतली. माझ्या लहानपणी आम्हाला तिच्या जवळही येऊ देत नसत. आम्ही नाल्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायचो. धम्मदीक्षेनंतर कैक वर्षांनी मायनंच कंबर खोचून, चार शिव्या खाऊन नि आठ देऊन, तिच्यावर पहिली घागर भरली होती. शुद्ध पाणी म्हटलं की तिला तेच पाणी ठाऊक.

आणि मी, बत्तीघरातला शहाणा, सगळ्यांसमोर ओरडलो, "त्याच पाण्यानं वाटोळं केलं! त्या विहिरीच्या पाण्यानं मारलं माह्या बापाले!"

खोटं होतं ते. पाण्यानं बॅटऱ्या आठ दिवसांत मरत नाहीत. त्या फक्त उतरल्या होत्या, आणि भरलेल्या माझ्याकडे होत्या, साहेबांच्या टेबलावर. बोलतानाच मला हे माहीत होतं. तरी बोललो.

नंतर मी तिला खरं सांगितलं. एकदा नाही, दहा वेळा सांगितलं, पाया पडून सांगितलं. "असन," म्हणायची. "तू शिकलेला, तुले मालूम."

पण त्या विहिरीवर ती पुन्हा गेली नाही. मरेपर्यंत घागर घेऊन नाल्यावर जायची आणि वाळूत झिरा उकरून पाणी आणायची.