आदमी दिखाइए

दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात साधा स्वेटर घ्यायचा तरी टिपणीकाका तीन दुकानांत भाव काढत आणि घरी येऊन वहीत त्यावर टिपणी लिहीत. आर. के. पुरमला ते आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. नोकरी एका मंत्रालयाच्या खरेदी विभागात. निवृत्तीनंतर ते द्वारकेला आमच्याच सोसायटीत आले, तेव्हा वहीही बरोबर आली. आम्ही त्या वहीची यथेच्छ टिंगल केली.

मग माझी फुफ्फुसं निकामी होत गेली. ऑक्सिजनच्या नळीशिवाय स्वयंपाकघरापर्यंतही जाववेना. फुफ्फुसं बदलावी लागतील, असं डॉक्टर म्हणाले, पण कुठे? माझ्या नवऱ्याला, मकरंदला, गुडगावचं नवंकोरं काचेचं हॉस्पिटल पसंत होतं.

"काका, लॉबी बघा, एकदम फाइव्ह स्टार!"

"बिल्कुल. पण हिला लॉबीत ठेवायचं नाहीये."

काकांनी जन्मभर जे केलं तेच केलं. तीन हॉस्पिटलांना एकच प्रश्नावली पाठवली: ही शस्त्रक्रिया तुमच्याकडे किती जणांवर झाली, वर्षानंतर त्यातले किती हयात आहेत, दात्याची फुफ्फुसं मिळाल्याचं बोलावणं आल्यावर किती वेळात पोचायचं. उत्तर सीलबंद लिफाफ्यात, सोमवारी दुपारी तीनच्या आत! मी कपाळाला हात लावला. एकाने दखलच घेतली नाही. काचेच्या हॉस्पिटलाने गुळगुळीत रंगीत पुस्तिका पाठवली. तिसरं दिल्लीतलंच, जुन्या इमारतीतलं. तिथून खुद्द डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "लिफाफा तो नहीं भेज पाऊँगी, अंकलजी. आप आ जाइए."

आम्ही गेलो. बाईंनी वाचलेल्यांबद्दल सांगितलं आणि न वाचलेल्यांबद्दलही, काही न लपवता. काकांनी वही मिटली. "अब कागज नहीं, आदमी दिखाइए."

हीच शस्त्रक्रिया झालेले रोहतकचे एक मास्तर पुढच्या आठवड्यात तपासणीला येणार होते. काका त्यांना गाठून त्यांच्याबरोबर तीन मजले चढले आणि धापा टाकत माझ्याकडे आले. "अगं, वर जाईपर्यंत मास्तर बोलत होते. मला बोलवत नव्हतं!" वहीत लिहिलं, 'मंजुरीस हरकत नाही.' त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले.

एवढ्यावर थांबतील तर ते काका कसले! ऐन ऑफिस सुटायच्या वेळी तीनदा हॉस्पिटलापर्यंत गाडी नेऊन पाहिली आणि सर्वांत कमी वेळाचा रस्ता आमच्या फ्रिजवर चिकटवला. बोलावणं आलं तेव्हा घाईत मकरंदला एकही रस्ता आठवेना. त्याने तोच कागद हातात घेतला आणि आम्ही वेळेत पोचलो.

काका गेले त्याला आता बरेच दिवस झाले. खरेदी कसलीही असो, मला त्यांची आठवण येते आणि डोळे भरतात.

परवा तपासणीला गेले, तर डॉक्टरीणबाईंनी एका गृहस्थांना माझ्यासमोर आणून बसवलं. मुलीची फाइल त्यांनी छातीशी धरली होती. तिचीही फुफ्फुसं बदलायची होती. मी पर्स खांद्याला लावली आणि उठले.

"चलिए भाईसाहब, ऊपर तक सीढ़ी से चलते हैं. बातें करते-करते."