रॉकेटचा नापास नट

दोन हजार सालच्या सुमारास निरगुडसरच्या एसटीत शेजारच्या माणसानं रुमाल सोडून मला एक चकचकीत नट दाखवला. तो भोसरीत लेथवर युरोपातल्या रॉकेटसाठी असले नट बनवायचा.

“हा युरोपातनं तपासणीला आलेल्या साहेबानं पास केला व्हता. मीच नापास केला. केसभर फरक व्हता. सगळा लॉट पुन्हा केला. दिवाळी मशीनवर गेली, बायको अजून बोलत न्हाई.”

“केसभरानं काय व्हतंय?” कंडक्टर म्हणाला.

“राव, एसटी बंद पडली तर आपण उतरून ढकलतो. तिथं वर कोण उतरणार?”

सगळी गाडी हसली.

“मग हा घरी कशाला नेताय?” मी विचारलं.

“दिवाळी कशापायी बुडाली, ते तिला दाखवतो.”

गावात उतरल्यावर त्यानं केस सारखे केले, गळ्याची गुंडी लावली आणि जरा थांबून घराची वाट धरली. युरोपातल्या साहेबांना तो एवढा घाबरला नसावा.